दुकानाला कुलूप, कॉम्प्युटर मात्र उघडाच

वर्धा : रात्री शटर ओढल्यावर दुकानदार कुलूप दोनदा ओढून पाहतो. पण उधारी, मालाचा साठा आणि जीएसटीची बिलं ज्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, त्याची काळजी कोण घेतो? शहराला लागून असलेल्या नालवाडीसारख्या गावात छोट्या धंद्यांचा हिशोब वहीतून मशीनमध्ये गेलाय. धोकाही तिकडेच सरकलाय.

‘आपल्या दुकानात चोरण्यासारखं आहे तरी काय,’ हा समज इथेच नडतो. मे २०१७ मधल्या ‘वॉनाक्राय’ व्हायरसने लहान-मोठं पाहिलं नाही. विंडोजमधली एक पळवाट जिथे उघडी सापडली, तिथल्या फाइल्स लॉक करून त्याने खंडणी मागितली. दीडशे देशांना फटका बसला. ती पळवाट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता. तरीही जूनमध्ये त्याच पळवाटीचा आधार घेत ‘नॉटपेट्या’ आला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

आज तोच प्रश्न पुन्हा उभा आहे. ‘विंडोज १०’चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालेत. मशीन चालतं, बिल निघतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात विंडोज ‘क्रॅक’ केलेलं असेल तर आणखीच जोखीम.

कृषी केंद्राचं उदाहरण घ्या. पेरणीला दिलेल्या बियाण्या-खताची उधारी कापूस-सोयाबीन विकल्यावर वसूल होते. मधल्या काळात हिशोबाची फाइलच गेली, तर कुणाकडे किती बाकी, यावरून दुकानदार आणि शेतकरी दोघांचेही वाद.

उपाय महागडे नाहीत. आठवड्यातून एकदा बॅकअप घ्यायचा आणि पेनड्राइव्ह काढून वेगळा ठेवायचा. लावूनच ठेवला तर व्हायरस तोही लॉक करतो. अपडेट टाळायचे नाहीत. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा चलान म्हणून आलेली एपीके फाइल उघडायची नाही. खात्यातून पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करायचा. रक्कम पुढे सरकण्याआधी तक्रार झाली, तरच ती गोठवता येते.

ग्रामपंचायत आणि व्यापारी संघटनांनी हंगामाआधी एक दिवस यासाठी काढला, तर गावातल्या अनेक दुकानांचा हिशोब वाचेल.