विषाचा उतारा आणि मजुराचे हृदय



भाद्रपद-आश्विनात विदर्भातील कपाशीवर फवारणीचा जोर असतो. त्या दिवसांत गावी फोन केला की आपण पावसापाण्याची, पिकाची विचारपूस करतो. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीने फवारणाऱ्या भावाची प्रकृती मात्र क्वचितच विचारतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. म्हणून या वेळी आम्ही त्या विषाविषयी आणि त्याच्या उताऱ्याविषयी लिहीत आहोत.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके होत. आपले मज्जातंतू ॲसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याद्वारे संदेश पोहोचवतात आणि काम होताच एक विकर त्या द्रव्याचे विघटन करते. हे विष त्या विकरालाच निकामी करते. मग संदेश थांबतच नाही. घाम व लाळ वाहू लागते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, फुफ्फुसांत स्राव साठतो. हृदयाची गती कमी करणारा मज्जातंतू आपला हुकूम अखंड बजावत राहतो. नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो.

यावरचा मुख्य उतारा वनस्पतीतून आलेला आहे. बेलाडोनाच्या झाडातून ॲट्रोपिन हे द्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. ते हृदयात व फुफ्फुसांत ॲसिटिलकोलीनची जागा अडवते आणि अतिरेकी संदेश तेथे पोहोचू देत नाही. फुफ्फुसे कोरडी होईपर्यंत आणि नाडी ८० च्या वर येईपर्यंत डॉक्टर दर काही मिनिटांनी मात्रा वाढवीत इंजेक्शने देतात. मात्र श्वसनाच्या स्नायूंचा लुळेपणा ॲट्रोपिनने जात नाही. त्यासाठी कृत्रिम श्वसनयंत्रच लागते. सर्वच कीटकनाशकांवर हा उतारा चालतो असेही नाही.

आपल्याकडील धोतऱ्यातही याच जातीची द्रव्ये असतात, परंतु त्याच्या बिया खाणे म्हणजे एका विषावर दुसरे विष घेणे होय. हळदीतील कुर्क्युमिनसारख्या द्रव्यांनी उंदरांच्या हृदयाची हानी कमी झाल्याचे प्रयोगशाळांत दिसले आहे. पण त्याच्या भरवशावर हळदीचे दूध पाजत बसल्यास मोलाची वेळ निघून जाते.

तेव्हा गावी एवढे अवश्य कळवावे: त्रास जाणवताच कपडे काढून अंग साबणाने धुवावे, विलंब न लावता रुग्णालय गाठावे आणि कीटकनाशकाचा डबा सोबत न्यावा. त्यावर घटक व उतारा छापणे कायद्याने बंधनकारक आहे; लाल त्रिकोण म्हणजे सर्वाधिक विषारी. हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे पुरवणे ही मालकाची दया नव्हे, मजुराचा हक्क आहे.

तथागतांनी उपासकांना वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार येतो. विष विकणारा आणि ते फवारून घेणारा सुरक्षित राहतो. छातीवर झेलतो तो बहुधा भूमिहीन. जयंतीसाठी व विहारासाठी आपण वर्गणी पाठवतोच. यंदा त्यासोबत एक प्रश्नही पाठवावा: आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ॲट्रोपिनचा पुरेसा साठा आणि चालू स्थितीतील श्वसनयंत्र आहे काय? उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहणे, हे आपण दूर राहूनही करू शकतो.