हात गेला, पुढे काय?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनच्या सुड्या मोडायला लागतात. वावरावावरात मळणी यंत्र धडधडत असतं. त्या दिवसांत मी पेपर जरा धास्तावूनच उघडते. ‘मळणी यंत्रात पदर अडकून महिला जखमी’ अशी बातमी कुठून तरी येतेच. बातमी चार ओळींची. त्या बाईचं पुढे काय झालं, ते मात्र कुणी छापत नाही.

अशीच एक बाई बचत गटामुळे माझ्या ओळखीची झाली. औंढा तालुक्यातली. रोजाने मळणीला गेली आणि उजवा हात मनगटापासून गमावून बसली. आधी हिंगोली, मग नांदेड अशी धावपळ झाली. वावराच्या मालकाने दवाखान्याचं पहिलं बिल भरलं, दहा हजार रुपये दिले आणि विषय मिटला! मी तिला तक्रारीचं विचारलं, तर म्हणाली, “ताई, तक्रार केली असती तर पुढच्या साली आमच्या घरच्यांना कुणी कामाला बोलावलं असतं का?” मला काही बोलता आलं नाही. आज ती डाव्या हाताने भाकरी थापायला शिकतेय. आईची वेणी घालून मगच लेक शाळेत जाते.

मैत्रिणींनो, अशा वेळी आपण ‘नशिबाचे भोग’ म्हणून मोकळ्या होतो. पण यंत्राच्या तोंडाशी साधारण तीन फूट लांब, वरून झाकलेली पन्हळ असेल तर हात आतल्या दातांपर्यंत पोचतच नाही. फिरत्या पट्ट्यावर जाळी असेल तर पदर ओढला जात नाही. मळणी यंत्रांमुळे इतके हात गेले, की 1983 मध्ये केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. मग यात नशिबाचा दोष किती आणि आपल्या हलगर्जीपणाचा किती?

आता मदतीचं बघा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत एक हात गेला तर एक लाख रुपये मिळतात. पण ते सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. जिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, ती मजूर बाई यात बसतच नाही. यंत्रापुढे उभी राहणारी बहुतेक वेळा तीच असते!

तिच्यासाठी वाट आहे ती भरपाईच्या कायद्याची. 1923 सालचा हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. यंत्राने चालणाऱ्या शेतीकामावरचा मजूरही त्यात येतो. मनगटापासून हात गेला तर कमाईची ताकद 60 टक्के गेली असं त्यात धरतात, नुसता अंगठा गेला तरी 30 टक्के. वय आणि मजुरी बघून रक्कम ठरते. म्हणजे ही कुणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे.

पण हक्काला कागद लागतो. म्हणून दवाखान्यात ‘पडले’ असं सांगू नका, ‘मळणी यंत्रात हात गेला’ असंच लिहून घ्या. पोलिसांत नोंद करा. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र घ्या. वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. कोर्टातली विधी सेवा समिती कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न न विचारता, फुकट वकील देते. आणि बचत गटातल्या प्रत्येकीने बँकेत वर्षाला 20 रुपयांचा सुरक्षा विमा जरूर काढावा. त्याला सातबारा लागत नाही.

एक शब्द शेतमालकिणींसाठी. आपल्या वावरात यंत्र येईल तेव्हा बांधावर जा. पन्हळ आहे का, जाळी आहे का, बघा. बायांना पदर खोचायला, केस बांधायला सांगा. अंधार पडला की यंत्र बंद करा. चार पोती उद्या झाली तरी चालतील. गेलेला हात मात्र कुठल्याच हंगामात परत येत नाही.