गुंदच्या पावसात स्वस्त रोल कुठला?

कलर निगेटिव्हचा स्वस्त रोल कुठला, हे डब्यावरची किंमत बघून ठरत नाही. गुंदला तर नाहीच. जोयडा तालुक्यातलं, उळवीजवळचं हे गाव. भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान, मध्ये सुपारीच्या बागा. पावसाळ्यात दाट झाडीत शिरलं की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. अशा वेळी १०० आयएसओचा रोल असेल, तर लेन्स एफ/२ पर्यंत उघडूनही शटर १/१५ किंवा १/३० वरच अडकतं. हात हलणारच. ४०० चा रोल दोन स्टॉप वाढवून देतो, तोच फोटो १/६० किंवा १/१२५ ला निघतो. म्हणून जून ते सप्टेंबर माझं मत कोडॅक अल्ट्रामॅक्स ४०० ला. ग्रेन थोडा जाड दिसतो, दिसू दे. कलरप्लस २०० त्याहून स्वस्त, पण उजेड कमी पडलेल्या निगेटिव्हमधल्या सावल्या मातकट होतात. अर्धा रोल तसा गेला तर वाचवलं काय?

बरं, धुणावळ सगळ्यांना सारखीच. कलरप्लस असो की महागडा पोर्ट्रा, प्रक्रिया तीच, सी-४१: डेव्हलपर ३७.८ अंशांवर, सव्वातीन मिनिटं. रोल मुंबईला किंवा बंगळुरूला पाठवायचा तर कुरियर आणि स्कॅनिंग वेगळं. या बेरजेत डब्यामागे वाचलेले पैसे फारसे उरत नाहीत.

हिरव्या रंगासाठी फुजी, हे आमच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलंय. आता फुजीफिल्म २०० च्या डब्यावर अमेरिकेत बनल्याचं छापलेलं असतं आणि रंग कोडॅक गोल्ड २०० च्या इतके जवळ, की नुसत्या हिरव्या डब्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

माघात उळवीला चन्नबसवेश्वराची जत्रा भरते. बैलगाड्या, लाल धूळ, कडक ऊन. तिथे गोल्डचा पिवळसर ऊबदारपणा शोभतो, कलरप्लसही भागवतो. मीटर १०० वर ठेवा, निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो. माझा जीव मात्र प्रो इमेज १०० वर. १९९७ मध्ये आलेला हा रोल उष्ण, दमट हवेतही फ्रिजविना ठेवता यावा असाच बनवलाय, आणि माणसांच्या कातडीचा रंग तो बिघडवत नाही. बाकीचे फ्रिजमध्ये असतील तर बाहेर काढून तास-दोन तास डबी उघडू नका, आत दव धरतं. फोटो काढून झालेला रोल मात्र, कुठलाही असो, पावसाळाभर कपाटात ठेवू नये.

सिनेमाची फिल्म कापून भरलेले रोलही हल्ली स्वस्तात मिळतात. त्यांच्या पाठीवरचा काळा थर काढलेला नसेल, तर तो सी-४१ च्या टाकीत सुटतो आणि दुसऱ्यांच्या रोलवरही बसतो. लॅबला आधी फोन करून विचारा; बरेच जण नाहीच म्हणतात.