रील झालं, आता गाडी धुवा

काशीदच्या लाटांतून गाडी घातली, दोन्ही बाजूंना पाण्याचे पंखे उडाले, स्लो मोशनमध्ये रील पडलं, लाइक्सही आले. पण त्या गाडीचं पुढे काय झालं, याचं रील कुणीच टाकत नाही. टाकलंच तर त्यात दिसेल सायलेन्सरच्या जोडावरचा तांबूस पापुद्रा, कडक झालेली चेन आणि दाबला की किरकिरणारा ब्रेक. खाली कमेंटही ठरलेली, ‘भावा, कंपनीच बेकार आहे.’

कंपनीचा काय दोष? समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतं, मीठ तिथेच राहतं आणि ते मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. म्हणून वरून कोरडी दिसणारी गाडी सांध्यासांध्यांत ओलीच असते. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको, आपल्याकडे खिडकीचे गजसुद्धा गंजतात. त्यात वाळूवर गाडी घालायची हौस तर सोडाच. दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी पुरतात. तिथे चाक फिरवण्यात कसलं आलंय ॲडव्हेंचर!

तुम्हाला ऑफ-रोडिंगचं खरंच वेड असेल तर ‘ट्रायल्स’ हा प्रकार बघा. त्या गाडीला सीट जवळजवळ नसतंच. उभं राहून, चालत्या माणसाच्या वेगाने खडकांवरून, ओढ्यातून गाडी न्यायची. पाय टेकला की दंडाचा एक गुण, अडकलात किंवा पडलात तर पाच. इथे सगळा खेळ क्लच, थ्रॉटल आणि ब्रेकवरच्या ताब्याचा. क्लचची केबल जराशी अडखळली तरी गेलात. म्हणून प्रत्येक फेरीनंतर गाडी धुणं, ग्रीस भरणं, नट तपासणं हा त्या खेळाचाच भाग मानतात. आपल्याकडे खरी ट्रायल्स गाडी क्वचितच दिसेल. तुमच्या दारात एक्सपल्स असेल, नाहीतर बाबांची स्प्लेंडर. पण सवय तीच लागते.

आणि घोडं इथेच अडतं. हेल्मेटवर कॅमेरा लावायला आपण एका पायावर तयार, हातात पाना घ्यायचा म्हटलं की ‘गॅरेजवाला बघेल’. मेकॅनिकलला शिकणाऱ्या मुलांनासुद्धा प्लग कुठे असतो ते दाखवावं लागतं. ‘शिकलेल्या मुलाने हात काळे करायचे नसतात’ हे कुठेतरी डोक्यात बसलंय. मुलींना तर कुणी पाना देतही नाही, गाडी मात्र रोज कॉलेजला त्याच नेतात. याउलट आपले कोळी बांधव बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून डागडुजी, रंगकाम, इंजिनाची कामं चालतात. खाऱ्या पाण्यावर पोट असलेल्या माणसाला ते ‘हलकं काम’ वाटत नाही.

सुरुवात बादलीपासून करा. पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं, ते नको. इंजिन थंड होऊ द्या. प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. मडगार्डच्या आतली बाजू आणि स्पोक जिथे रिममध्ये शिरतात ती जागा नीट धुवा, मीठ तिथेच दडून बसतं. मग फडक्याने पुसून गाडी थोडी चालवा आणि हळू वेगात दोन-चारदा ब्रेक दाबून बघा.

चेनबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं धरणारे महाभाग तुम्ही पाहिले असतील. फडकं ओढलं जातं, त्यामागोमाग बोटं. चेन आणि चकरीच्या मधे बोट सापडलं तर ते परत मिळत नाही. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, मेन स्टँडवर आणि चाक हाताने फिरवायचं. मेन स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड घ्या किंवा गाडी थोडी थोडी पुढे ढकलत काम करा. ओ-रिंगवाली चेन पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं. गंज सोडवायचा स्प्रे मारला म्हणजे वंगण झालं, असंही नाही. चेनचं ल्यूब वेगळं मिळतं, ते आतल्या बाजूने मारा. टायर आणि डिस्कवर एक थेंबही जाता कामा नये, नाहीतर पहिल्याच वळणावर कळेल. चेन किती सैल हवी, हे मॅन्युअलमध्ये असतं. फार ताणलेली चेन सैल चेनपेक्षाही वाईट, खड्ड्यात चाक वर उचललं की ती आणखी ताणली जाते. आणि आपल्या रस्त्यांवर खड्डे काही कमी नाहीत.

ऑइल बदलणं सोपं आहे. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलंय का बघा, कारण बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑइल घातलं तर तो घसरू शकतो. जुनं ऑइल वाडीत किंवा गटारात ओतू नका, पलीकडे कुणाची तरी विहीर असते. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

सगळं घरीच करायचं, असंही माझं म्हणणं नाही. डिस्क ब्रेकमधली हवा काढणं, इंजिन खोलणं ही कामं मेकॅनिकचीच. स्पोकवर पान्याने हलकेच वाजवून बघा. बाकीचे टणटण वाजतात आणि एखादा थप्प वाजला तर तो ढिला आहे. ते ओळखणं तुमचं काम, रिमचा आउट काढणं त्यांचं. फक्त गाडी टाकून चहाला जाऊ नका. ‘काका, बघत उभा राहू का?’ एवढंच विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, त्यांचा उजेड तेवढा अडवू नका.