माशांच्या पेटीत चमचाभर युरिया

दिवाळी आली की आमच्या घरी जळमटे काढायचे काम माझ्याकडे येते आणि माझ्या चुका काढायचे काम सौभाग्यवतींकडे. गेल्या वर्षी ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी झाली – बाहेरच्या खोलीतल्या माशांच्या पेटीपाशी.

पेटी धाकटीची. दोन फूट लांब, पन्नासेक लिटर पाण्याची. आत आठ गप्पी, चार मॉली आणि व्हॅलिस्नेरियाची लांब हिरवी पाती. ती पाती पिवळी पडू लागली होती. दिवाळीला पाहुणे येणार, पेटी कशी टवटवीत दिसायला हवी! गॅलरीतला गुलाब ज्या युरियाने फोफावला होता, त्यातलाच चमचाभर मी वसुबारसेला पेटीत सोडला. त्या दिवशी काहीच बिघडले नाही, म्हणून मी स्वतःवर खूषही होतो. धनत्रयोदशीला मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाच्या आधी, मी सात मेलेले मासे बाहेर काढले. धाकटी रडली नाही. तिने एवढेच विचारले, "बाबा, गुलाबाच्या कुंडीत मासे असतात का?"

शेजारचे मास्तर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना हाक मारली. त्यांनी आधी अर्धे पाणी बदलायला लावले. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालून. मग फराळाचे ताट पुढे ओढून म्हणाले, "अहो, तुम्ही पेटीत खत नाही घातलंत, विष शिजत ठेवलंत!"

हिशेब सोपा होता. युरियात ४६ टक्के नत्र. चमच्यातल्या पाच ग्रॅममध्ये ते झाले २.३ ग्रॅम, म्हणजे पन्नास लिटरच्या पेटीत दर लिटरला ४६ मिलिग्रॅम. पाण्यातले जंतू युरियाचा हळूहळू अमोनिया करतात. म्हणूनच पहिला दिवस सुखाचा गेला. एका लिटरात एक मिलिग्रॅम अमोनिया झाला तरी जाणता मासेवाला घाबरतो. त्यातून पाणी अल्कधर्मी आणि कोमट असेल, तर हे विष अधिकच जहाल होते.

माशांच्या विष्ठेतूनही अमोनिया निघतोच. पण गाळणीत वस्ती करून राहिलेले जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट वनस्पती खातात आणि मासेही ते पुष्कळ सोसतात. एकदम चमचाभर युरिया आला की या जंतूंचे काही चालत नाही.

तेव्हा वाचकहो, खताच्या पिशवीवर नत्र किती आहे एवढेच पाहू नका. ते कोणत्या रूपात आहे ते विचारा. युरिया, अमोनियम सल्फेट आणि ही दोन्ही रूपे ज्यात मिसळलेली असतात ते १९-१९-१९, ही पेटीत नकोत. द्राक्षबागाईतदार वापरतात ते १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, फटाक्याच्या दारूतला आपला सोराच! झाडे दाट आणि मासे थोडे असतील, तर पन्नास लिटरला आठवड्याकाठी अर्धा ग्रॅम, पाण्यात विरघळवून. त्याने लिटरमागे सुमारे सहा मिलिग्रॅम नायट्रेट वाढते. डबा मात्र पणत्यांपासून आणि मुलांपासून दूर ठेवावा.

पण खत घालण्याआधी पाने पाहावीत. जुनी पाने पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी; जुन्या पानांना बारीक भोके पडली तर पालाश कमी; कोवळी पाने फिकट आली तर लोह कमी. लोहासाठी हिराकस टाकू नये, त्याचा पाण्यात लगेच गंज होऊन तो तळाशी बसतो. चिलेटेड लोह मिळते, ते थेंबाथेंबाने द्यावे. आणि गोगलगायी मारायला कुणी मोरचूद सुचवले तर हात जोडावेत. तांब्याने कोळंबी तर मरतेच, मासेही दगावतात.

मास्तरांनी भिंग लावून आमची पाती पाहिली. पिवळी होती ती कोवळी पाने! माशांनी नत्र हवे तेवढे पुरवले होते. कमी होते ते लोह. पेटीत नसलेली गोष्ट द्यायची सोडून मी तिथे आधीच असलेली गोष्ट चमच्याने ओतली होती. झाडाकडे न पाहता पाहुण्यांकडे पाहिले, त्याची किंमत सात जिवांनी दिली.

मी दुसऱ्याच दिवशी नवे मासे आणायला निघालो होतो. धाकटीने अडवले. "आधी पाणी बरं होऊ दे," म्हणाली. महिनाभर ती आणि मास्तर रोज पाणी तपासत होते. नवे मासे आले ते त्यानंतर.

या दिवाळीत पाती काचेच्या वरपर्यंत पोचली आहेत. लोहाची बाटली फडताळात असते. तिच्यावर धाकटीच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे : "बाबांनी मला विचारल्याशिवाय हात लावू नये."