उपेक्षित कारागीर

मध्य अमेरिकेच्या गर्द अरण्यात मॉर्फो पेलेइडेस हे फुलपाखरू उडू लागले, की निळी वीज चमकल्याचा भास होतो. त्याच्या रूपाचे कौतुक जगभर होते. युरोपातील तळ्याकाठच्या लिम्नेफिलस फ्लाविकॉर्निस या कॅडिसमाशीकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. नावात माशी असली तरी ती माशी नव्हे. तिचे व फुलपाखराचे पूर्वज एकच. तिच्या पिवळट-तपकिरी पंखांवर केस असतात. फुलपाखराच्या कुळात तशाच केसांचे खवले झाले.

मॉर्फोच्या त्या खवल्यांत निळे रंगद्रव्य नसतेच! त्यांवरील अतिसूक्ष्म कंगोरे निळा प्रकाश परतवतात, एवढेच. पंख मिटताच तेही तपकिरी दिसते.

मग कॅडिसमाशीचीच उपेक्षा का व्हावी? तिचे खरे वैभव बालपणी पाहावे. तळ्यात राहणारी तिची अळी तोंडातून रेशीम काढते आणि काड्या, पानांचे तुकडे, गोगलगायींचे इवलेसे शंख जोडून अंगाभोवती नळीसारखे घर रचते. ओल्या वस्तू पाण्यातच चिकटवायच्या, हे का सोपे काम आहे? काही फुलपाखरांचे सुरवंटही रेशमाने पाने जोडून निवारा करतात, पण तो कोरड्या जागी. कधी एखाद्या शंखात गोगलगाय जिवंतच असते. तिची संमती अर्थातच कोणी घेतलेली नसते. अळी चालू लागली, की घर चालते आणि बिचारी गोगलगायही!