आवाजाची ठेव

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव येमाई देवीमुळे परिचित आहे, तसेच लोककलेमुळेही. लोककवी बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. तमाशाच्या फडांसाठी त्यांनी लावण्या, गवळणी आणि वग लिहिले; हुंडा व व्यसन यांविरुद्ध गीते रचली. राज्य शासनाचा २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना लाभला. २०२१ मध्ये ते निवर्तले. अशा रचनांचे शब्द वहीत राहतात. परंतु त्या कोणत्या चालीत आणि कोठे थांबून म्हणाव्यात, हे वही सांगत नाही.

हीच स्थिती व्यापारी घरांतील आजींच्या स्तवनांची आणि लग्नगीतांची आहे. पुस्तक छापील मिळते. चाल मात्र त्यांच्या कंठातच असते. मोबाइलवर केलेले मुद्रण काही नसण्यापेक्षा बरे. पण बरेच मोबाइल आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतात आणि पेटीचा लांबवलेला सूर गोंगाट समजून दाबतात. म्हणून घरच्या संगणकाला जोडण्याचा बाहेरचा ऑडिओ इंटरफेस घ्यावा, असा विचार आता अनेक घरांत होतो. दुकानदार दाखवतो ते आकडे पाहून गोंधळ उडतो. वास्तविक प्रश्न तीनच आहेत.

पहिला प्रश्न : एका वेळी माइक किती लागणार? इंटरफेसचे काम माइकचा क्षीण विद्युत्-संकेत वाढवून त्याचे संगणकाला समजणाऱ्या अंकांत रूपांतर करणे, एवढेच. गाणारी व्यक्ती एकच असेल तर एका माइकची जागा पुरते. बेहरिंगर यूएम२ आणि फोकसराइट स्कार्लेट सोलो या दोहोंत ती एकच आहे. आजी गाणार आणि नातू पेटी वाजवणार असेल, तर यूएमसी२०२एचडी किंवा स्कार्लेट २आय२ यांसारखा दोन माइकचा संच घ्यावा. आठ माइकची सोय घरात वर्षानुवर्षे रिकामी राहते. ते भांडवल अडकवणेच होय. केवळ एकच आवाज मुद्रित करायचा असेल, तर थेट संगणकाला जोडता येणारा यूएसबी माइकही चालतो. त्यात इंटरफेस आतच असतो.

दुसरा प्रश्न : कोणत्या आकड्यासाठी पैसे मोजावेत? माणसाच्या कानाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात आणि सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. त्यामुळे १९२ किलोहर्ट्झ या आकड्यासाठी जादा रक्कम देण्याचे घरगुती वापरात कारण नाही. २४ बिटची सोय मात्र उपयोगाची आहे. वृद्ध व्यक्तीचा आवाज मध्येच बारीक होतो, मध्येच चढतो. २४ बिटमध्ये पातळी थोडी खाली ठेवून मुद्रण केले, तरी नंतर आवाज वाढवता येतो. यूएम२ मध्ये १६ बिटच आहेत. म्हणून तेथे पातळी अधिक काळजीने लावावी लागते.

तिसरा प्रश्न : उरलेली रक्कम कोठे घालावी? माइक, स्टँड आणि बंद हेडफोन यांत. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो; तो इंटरफेसमध्ये आहे का, हे पाहून घ्यावे. १९६६ पासून विकल्या जाणाऱ्या शूअर एसएम५८ सारख्या डायनॅमिक माइकला तो लागत नाही. असा माइक तोंडाजवळ धरला की दूरचा कुकर आणि रस्त्यावरचा ट्रॅक्टर कमी ऐकू येतो. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर बिल केले तरी घरगुती वापराच्या वस्तूवर इनपुट क्रेडिट मिळत नाही, हेही ध्यानात असावे.

खोलीसाठी व्यापारी घरांना वेगळा खर्च करण्याची गरज नाही. फरशीच्या दिवाणखान्यात आवाज घुमतो. कापडाची ठाणे रचलेल्या गोदामात तो शोषला जातो. दुकान बंद झाल्यावर तेथे सतरंजी घालून बसावे. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवावा. अर्थिंग सदोष असल्यास येणारी घरघर बहुधा थांबते. यूएसबीवरच चालणारा इंटरफेस असेल, तर वीज गेली तरी काम अडत नाही. माइक वीतभर अंतरावर ठेवून सर्वांत मोठा सूर आधी म्हणवून घ्यावा आणि तो उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावावी.

साधु-साध्वींचे प्रवचन मुद्रित करण्यापूर्वी मात्र त्यांची आज्ञा घेणे आवश्यक आहे. अनेक स्थानकवासी परंपरांत विजेच्या साधनांचा वापर निषिद्ध मानला जातो.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ आणि एक माइक, एवढ्यावर तासाभराचे मुद्रण सुमारे ५१८ एमबी होते. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात. प्रत्येक फाइलला गाणाऱ्याचे नाव, तिथी आणि ती चाल कोणाकडून शिकली, हे लिहून ठेवावे. सासरी आलेल्या सुनेला ती माहेरची चाल की सासरची, हे पुढे त्यातूनच कळेल.

अधिक चांगले यंत्र पुढच्या वर्षी स्वस्त होईल, म्हणून पुष्कळ घरे थांबतात. यंत्राच्या बाबतीत हा हिशेब बरोबर आहे. पंच्याऐंशी वर्षांच्या कंठाच्या बाबतीत तो बरोबर नाही. साधा, पण पुरेसा संच घेऊन येत्या रविवारी आजींना गोदामात बसवावे आणि प्रथम त्यांना जे आवडते ते म्हणू द्यावे.